नमुना तक्ता क्रमांक तीन

मूळ धड्यात जॉन होता. वय बत्तीस.
दर शनिवारी बेसबॉलची तिकिटं काढायचा
आणि बर्फ उपसायचं फावडं, एकवीस डॉलर.
मराठी करताना मी त्याला आधी तसाच ठेवला,
म्हटलं, असू दे, पाहुणा आहे.
इरफान तांबोळी म्हणाला,
"धायरीत फावडं वाळूला लागतं. बदल."

बसले बदलत.
कर्वेनगरची खोली, पंखा दोनवर,
फुकट वाटायच्या सॉफ्टवेअरसाठी फुकटातली रात्र.
जॉनचा अनिरुद्ध झाला.
बोटांनीच केला, मला विचारलंसुद्धा नाही.
आडनाव टाकलं ते आमच्याच आळीतलं निघालं.
दुसरं टाकलं, तेही.
सहाव्या ओळीपर्यंत तक्त्यात
माझ्या मुंजी-बारशांची आमंत्रणयादी उभी.

"आडनावाचा रकानाच काढ."
मग क्रमवारी लावायला कशावर शिकवू?
"बाजारावर."
म्हणून आले अळू, गवार, घेवडा, चाकवत,
आणि त्यानं गुपचूप मध्ये सारलेले बोंबील.
बोंबील का, यावर मी अर्धा तास भांडले.
कारण सांगता येईना, तेव्हा गप्प बसले.
बोंबील राहिले.

फोन नंबर म्हणून ओळीनं नऊ टाकलेले.
इरफाननं लावून पाहिला, तर कुणीतरी उचलला,
झोपेतून, चिडून: "आता तुम्ही कोण?"
त्या माणसाची माफी मागून
आम्ही सगळे नंबर पुसले.
इतके काटेकोर होतो आम्ही.

आणि तक्ता तीन: घरखर्च.
दूध. पेपर. वीज. गॅस.
कामवाली, पंधराशे.
एकूण.
यावर भांडण झालं नाही.
ही ओळ आम्हा दोघांनाही दिसलीच नाही.

जनता वसाहत, पर्वतीचा उतार,
समाजमंदिरात सहा जुने संगणक,
त्यातला एक फक्त शोभेला.
यमुनाबाई आल्हाट बचत गटाचा हिशेब शिकायला आलेल्या.
माऊस असा धरलेला, की सोडला तर पळेल.
मी म्हटलं, आता यातला एक आकडा बदलून बघा. कुठलाही.
"कुठलाबी?"
हो, नमुना आहे. यात खरं काही नाही.

त्यांनी दूध सोडलं. पेपर सोडला.
वीज, गॅस ओलांडून
बाण नेऊन ठेवला पाचव्या ओळीवर
आणि पंधराशे पुसले, एकेक अंक,
करपलेल्या पातेल्याचा तळ काढावा तसे, सावकाश.
बावीसशे लिहिले.
एंटर.

खालची बेरीज आपोआप हलली.

सूत्र मीच घातलं होतं.
शंभरदा पाहिलेलं ते हलणं
मी त्या दिवशी पाहिलं.
यमुनाबाई कितीतरी वेळ तिथंच बघत राहिल्या.
"कुणाला विचारायबी लागलं नाही," म्हणाल्या.
शेजारच्या शालनताई वाकल्या, त्यांनी पंचवीसशे केले,
मागच्या बाकावरून कुणीतरी: "चार हजार कर की, तुझं काय जातंय!"
मग सगळा वर्ग हसला. मीही,
जरा उशिरा.
"आणि दिवाळीचं कुठल्या खान्यात घालायचं, मॅडम?"
तो खाना नव्हता.
खाड्याचाही नव्हता, बरं का,
पण तो कुणी मागितला नाही.

रात्री घरी आले.
ओट्यावर भांडी पालथी घातलेली,
वाट्या आकारानं लावलेल्या, लहान ते मोठी.
क्रमवारी.
पंधराशे हा आकडा मी कुठून उचलला होता
हे कुणाला विचारायची गरज नव्हती.

इरफानचा निरोप आला: तक्ता तीन पक्का करू?
लिहिलं, थांब.
काय राहिलंय?
त्याला काय सांगू. तिला नाव द्यायचंय,
आणि अनिरुद्धसारखं बोटांना सुचेल ते नको.

दिवा मालवला.
सकाळी साडेसातला बेल वाजेल.